श्रमदानातून वनराई बंधारा: पऱ्या अडवण्यापासून गोण्या काढण्यापर्यंत

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहूनही जास्त. आणि एप्रिल उजाडला की त्याच गावांतल्या वाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. उतार तीव्र, नद्या आखूड, जमीन जांभ्याची, म्हणजे लाल सच्छिद्र दगडाची. या जांभ्यात पावसाळाभर मुरलेलं पाणी पुढे झऱ्यांवाटे पऱ्यांना-व्हाळांना, म्हणजे छोट्या ओढ्यांना, येतं, दिवाळीनंतरही काही आठवडे वाहतं आणि खाडीला जाऊन मिळतं. वनराई बंधारा अडवतो ते हे शेवटचं पाणी. पावसाळ्यातला लोंढा अडवणं त्याचं काम नाही आणि त्याच्या ताकदीचंही नाही.

बंधारा म्हणजे मातीने भरलेल्या रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांची, पात्रात आडवी रचलेली भिंत. मोहन धारिया यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेने ही पद्धत महाराष्ट्रभर रूढ केली. धारिया स्वतः महाड तालुक्यातल्या नात्याचे. कोकणात दगड, माती आणि झाडोऱ्याचे कच्चे बांध घालून पाटाचं पाणी पाळीने घेण्याची रीत त्याआधीपासून होतीच. खर्च जवळपास नाही, परवानग्यांचा मोठा व्याप नाही, चाळीस माणसं एका सकाळीत बंधारा उभा करू शकतात. तरीही पुष्कळ बंधारे संक्रांतीपर्यंत कोरडे पडतात. बांधण्याच्या दिवशी गावाचा उत्साह दांडगा असतो. कमी पडतं ते त्याआधीचं नियोजन आणि नंतरची पाच महिन्यांची देखरेख. म्हणून इथे त्या दोन्हींवर जास्त भर दिला आहे.

गणपतीत बोलणी, २ ऑक्टोबरला ठराव

गणपतीला चाकरमानी गावात असतात, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे पदाधिकारीही भेटतात. विषय तेव्हाच काढावा. दिवाळीत काढला तर उशीर होतो. बैठकीत तीनच गोष्टी ठरवा: कोणता पऱ्या, गोण्या कोण जमवणार, आणि पाणी अडल्यावर ते वापरायचं कसं. तिसरा प्रश्न लोक टाळतात, कारण तिथेच वाद असतो. पण भिंत उभी राहिल्यावर तो मिटवणं दसपटीने अवघड जातं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव घ्या. ठरावात जागा, पाणीवापराचा नियम आणि मे महिन्यात गोण्या काढण्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. कृषी सहायकाला (आता ‘सहायक कृषी अधिकारी’) आधीच कळवलं तर जागा बघायला तो येतो, आणि बंधारा तालुक्याच्या यादीत नोंदवला जातो.

जमीनमालकाची संमती हा कोकणातला वेगळाच विषय आहे. पऱ्याचं पात्र सरकारी असलं तरी दोन्ही काठ खासगी असतात, सातबारा सामायिक असतो आणि त्यावरची निम्मी नावं मुंबई, ठाणे, बडोदा इथे राहणाऱ्यांची असतात. प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याची लेखी संमती घ्या आणि बाकीच्यांना मंडळामार्फत फोनवर सांगा. कागदावर एवढंच हवं: काठाला किती खोल खाच घेणार, पाणी मागे कुठपर्यंत साठणार, मेमध्ये सगळं काढून काठ पूर्ववत करणार. पुढच्या वर्षी हाच कागद नवीन तारखेने वापरता येतो.

माणसं कमी असतील तर जवळच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र द्या. स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. मात्र शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि छोट्या पऱ्यांसाठी तो उशीर ठरतो. म्हणून शिबिराची वाट न बघता नोव्हेंबरातले रविवार मागा.

जागा: निम्मं यश इथेच

पाणी कुठे टिकतं हे रोज पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. कोणती विहीर आधी आटते, कुठल्या कोंडीत होळीपर्यंत पाणी दिसतं, कुठल्या झऱ्याला गणपतीनंतर जोर येतो, हे त्या न अडखळता सांगतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघींना घेऊन पऱ्यातून खालून वर चालत जा आणि या गोष्टी बघा.

पात्र अरुंद हवं, पाच ते दहा मीटर. पंधरा मीटरच्या पुढे हा प्रकार करू नये. दोन्ही काठ बंधाऱ्याच्या ठरवलेल्या उंचीपेक्षा किमान अर्धा मीटर उंच आणि घट्ट मातीचे किंवा मुरमाचे हवेत. तळाला कातळ किंवा कडक मुरूम हातभर खोलीत लागला पाहिजे. पहार ठोकून बघा. वळणावर बंधारा घालू नका, कारण बाहेरच्या काठाला पाणी घासतं आणि तिथूनच तो फुटतो. वरच्या अंगाला वीस-तीस मीटर तरी पात्र सरळ असावं.

उतार मोजायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. पन्नास मीटरच्या अंतरात पात्र एक मीटर उतरत असेल तर एक मीटर उंच बंधाऱ्याने पाणी पन्नास मीटर मागे साठेल. वीस मीटरमध्येच एक मीटर उतार असेल तर साठा फारच तोकडा. ती जागा सोडा आणि खाली चांगली जागा शोधा. त्याच नळीने पाण्याची भावी रेषा काठावर खुंट्या ठोकून दाखवा. कोणाचं गरवं (उशिरा पिकणारं) भात अजून उभं आहे, कोणाच्या मळ्यात पाणी शिरेल, पायवाट बुडेल का, हे खुंट्या बघितल्या की मालकाला स्वतःच कळतं आणि नंतरची भांडणं टळतात.

खाडीच्या जवळची जागा घेऊ नका. पात्रात कांदळ (खारफुटी) दिसत असेल किंवा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चवीला मचूळ लागत असेल, तर तिथपर्यंत भरती येते. तिथे गोण्यांनी गोडं पाणी अडत नाही. खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे, बांध हा पूर्ण वेगळा विषय आहे.

जांभ्याच्या तळाबद्दल एक इशारा. काही ठिकाणी कातळाला भेगा आणि पोकळ्या असतात. बंधारा नीट बांधूनही तिथे पाणी उभं राहत नाही. खालून निघून शंभर पावलांवर पुन्हा वर येतं. वाडीची विहीर त्या वाटेवर असेल तर हे उत्तमच आहे, पाणी मुरतंय. पण गुरांना किंवा भाजीला साठलेलं पाणी हवं असेल तर ती जागा उपयोगाची नाही. भेग शोधण्यासाठी एका छोट्या आडव्या बांधाने पाणी तात्पुरतं तुंबवून तासभर बघा.

किती उंच, किती गोण्या

उंची एक मीटर. सव्वा मीटर ही शेवटची मर्यादा. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ५०० किलोने ढकलतं. खोली दीड मीटर केली की हाच जोर १,१०० किलोच्या वर जातो. उंची दीडपट, जोर दुपटीहून जास्त. ‘अजून दोन थर टाकूया’ असा आग्रह प्रत्येक श्रमदानात होतो; तो मोडून काढायचं काम कोणाकडे तरी आधीच सोपवून ठेवा.

एक मीटर उंचीला तळाची रुंदी दोन मीटर आणि माथ्याची ऐंशी सेंटिमीटर ठेवा. आता हिशेब. पात्र वरच्या बाजूला आठ मीटर, तळाला पाच मीटर, म्हणजे सरासरी साडेसहा. भिंतीची सरासरी जाडी १.४ मीटर. एकूण आकारमान सुमारे ९ घनमीटर. त्यातून मधल्या चिखलाच्या गाभ्याचे सव्वा घनमीटर वजा करा, उरले पावणेआठ. सिमेंटची गोणी दोन-तृतीयांश भरली की एका घनमीटरला साधारण ४० गोण्या लागतात. म्हणजे ३१० गोण्या, आणि फाटणाऱ्या, काठाच्या खाचेत जाणाऱ्या, नंतरच्या डागडुजीच्या मिळून ४० जादा. साडेतीनशे धरा.

गोण्या प्लास्टिकच्या विणीच्या हव्यात, कागदी चालत नाहीत. गावात एखादं घर किंवा साकव बांधून होतो तिथे त्या शेकड्याने पडलेल्या असतात. पावसाळ्याआधीच सांगून ठेवलं तर ठेकेदार ठेवतो, नाहीतर त्या भंगारात जातात. खताच्या गोण्या धुऊन चालतील. कीटकनाशकांशी संबंध आलेलं काहीही पाण्यात नको. उन्हात पडून कडक झालेली गोणी हाताने ताणून बघा; वीण तुटली तर बाजूला काढा. गोण्या वापरेपर्यंत सावलीत ठेवा.

भरायला काय? नुसती वाळू विणीतून गळते, नुसती चिकणमाती ओली झाली की घसरते. मुरूम आणि माती निम्मी-निम्मी हे सर्वांत चांगलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पात्रात साचलेला गाळ-रेती उपसून मुरमात मिसळली तर साठाही खोल होतो. बंधाऱ्याजवळचा काठ मात्र खणू नका. माती जवळ मिळते म्हणून लोक तिथेच कुदळ घालतात आणि ज्या काठावर भिंत टेकणार तोच कमकुवत करून ठेवतात. बंधाऱ्यापासून किमान दहा मीटर लांबून माती घ्या.

बाकीचं सामान: सहा फावडी, सहा कुदळी किंवा टिकाव, दोन पहारी, पंधरा घमेली, दोन-तीन कोयते, एक धुमस (माती ठोकून बसवायला), सुतळीचे मोठे गुंडे, गोण्यांची तोंडं शिवायला चार दाभणं, गाभ्यासाठी चिकट माती आणि भाताचा पेंढा. शेतकऱ्यांकडे हे सगळं असतं. फक्त प्रत्येक हत्यारावर मालकाचं नाव रंगवून घ्या. हरवलेल्या एका टिकावापायी पुढच्या वर्षीची दोन माणसं कमी होतात.

दिवस कोणता

पऱ्यातलं वाहतं पाणी घोट्याच्या खाली आलं की बांधायचं. त्याआधी पाया धरता येत नाही, त्यानंतर फार थांबलात तर साठायला पाणीच उरत नाही. बहुतेक छोट्या पऱ्यांना ही वेळ ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य या काळात येते. बारमाही झऱ्याच्या व्हाळाला डिसेंबरचा पहिला आठवडाही चालतो. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची कापणी-झोडणी आटोपलेली आणि गरव्याला थोडा अवकाश, असे आठ-दहा दिवस प्रत्येक गावाला मिळतात. तारीख त्यातच बसवा. कापणीच्या ऐन हंगामात श्रमदान ठेवलं तर येणारी माणसं मनाने शेतात असतात.

हवामान खात्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघूनच तारीख पक्की करा. नोव्हेंबर बेभरवशाचा असू शकतो. २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं होतं, आणि अवकाळी पाऊस तर दर दोन-तीन वर्षांनी पडतोच.

सकाळी सातला सुरुवात, बारापर्यंत काम संपवणं. चाळीस माणसांची वाटणी अशी: गोणी भरायला तिघांच्या सहा जोड्या, म्हणजे एक खणणारा-भरणारा, एक तोंड धरणारा, एक बांधणारा. अशी जोडी तासाला पंधरा ते वीस गोण्या तयार करते, तेव्हा तीन-साडेतीन तासांत गोण्या होतात. गोण्या पुढे द्यायला बारा जणांची साखळी, रचायला चार अनुभवी हात, चिखल कालवायला चौघे, उरलेले दोघे पाणी आणि हजेरी बघायला. गवंडीकाम किंवा गडगे (दगडी कुंपणं) घालायची सवय असलेला माणूस रचणाऱ्यांचा प्रमुख नेमा. त्या सकाळी शब्द त्याचाच. सरपंच आणि पाहुण्यांनीही त्याचंच ऐकायचं.

भरलेली गोणी पस्तीस किलोच्या आसपास भरते. ती एकट्याने खांद्यावर मारून न्यायची नाही, साखळीनेच द्यायची. मुलं आणि वयस्क मंडळींना सुतळी कापणं, पेंढा आणणं, गोण्या मोजणं ही कामं द्या. चहा सातला, नऊला पोहे, बाराला तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. जेवणाचा भार नेहमी त्याच बचत गटावर टाकू नका. ज्या वाडीला पाणी मिळणार तिथल्या घरांनी शिधा वाटून घ्यावा आणि रांधायला पुरुषांनीही बसावं.

सुरक्षेची काळजी आधी घ्या. पऱ्याच्या काठाला, दगडांच्या बेचक्यात फुरसं असतं. दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटायचा. झाडोरा कोयत्याने मोकळा करूनच आत पाय टाकायचा. पायात गमबूट, निदान जाड बूट. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष त्या दिवशी उपलब्ध आहे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि एक गाडी जागेवर उभी ठेवा. दंश झाला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ किंवा स्वतःच्या गाडीने थेट रुग्णालय. दुसरा धोका लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा. पायाला चीर, जखम किंवा चिखल्या असतील त्याने पाण्यात उतरू नये. श्रमदानानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना ‘पऱ्याच्या पाण्यात काम केलं होतं’ हे आवर्जून सांगायला सगळ्यांना बजावून ठेवा.

बांधणी

पहिलं काम तळ साफ करणं, आणि त्याला पूर्ण एक तास द्या. पाला, सुटे गोटे, रेती, मुळं सगळं काढून कडक थरापर्यंत जा. मुरूम असेल तर पूर्ण रुंदीत एक फूट खोल चर घ्या. कातळ असेल तर त्यावरचं शेवाळ खराट्याने खरवडून काढा आणि पहिल्या थराखाली चार बोटं चिखल थापा. गोणीखाली पाल्याचा एक थर जरी राहिला तरी तो कुजतो, तिथून पाणी वाट काढतं, वाट रुंदावत जाते आणि पंधरा दिवसांत भिंत वरून धडधाकट पण खालून पोकळ होते.

दोन्ही काठांत अर्धा मीटर खोल उभी खाच घ्या, भिंतीच्या पूर्ण उंचीएवढी. भिंत काठाला नुसती टेकता कामा नये, आत घुसली पाहिजे. खाच घेताना खेकड्यांची बिळं दिसली तर तिथेच खणून चिखल आणि पेंढ्याने ठासून बुजवा. या मुठ्यांची (खेकड्यांची) बिळं काठातून आरपार जातात. गोण्या उत्तम रचलेल्या आणि पाणी मात्र काठातून बाहेर, हा प्रकार कोकणात सर्रास दिसतो.

काम दोन्ही बाजूंनी मध्याकडे न्या. मध्ये दीड मीटरचा मार्ग पाण्याला मोकळा ठेवून शेवटी तो बंद करा.

गोणी दोन-तृतीयांशच भरायची. गच्च भरलेली गोणी पिंपासारखी गोल होते, शेजारणीला चिकटत नाही आणि मध्ये फटी राहतात. तोंड दाभणाने शिवा किंवा सुतळीने घट्ट बांधून खाली दुमडा. रचताना तोंड भिंतीच्या आतल्या बाजूला, पाण्याकडे कधीच नाही. पहिला थर प्रवाहाच्या दिशेने लांब, दुसरा प्रवाहाला आडवा, तिसरा पुन्हा लांब. जांभ्याचे चिरे रचताना करतात तशी सांधेमोड इथेही पाळायची: खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी मध्यावर यावी. प्रत्येक थर धुमसाने किंवा पायांनी चांगला तुडवून सपाट करा. असे सात-आठ थर झाले की मीटर होतो.

सत्तर सेंटिमीटर उंचीपर्यंत भिंत दोन पदरी ठेवा, मध्ये एक फुटाची पोकळी. त्यात चिकणमातीचा चिखल, थोडा पेंढा कापून घातलेला, प्रत्येक थराबरोबर ठासत जा. सगळ्या गोण्या रचून झाल्यावर वरून ओतलेला चिखल तळापर्यंत पोचत नाही. पाणी थांबवतो तो हा गाभा. गोण्या त्याला फक्त धरून ठेवतात. वरचे दोन थर गाभ्यावरून आरपार घ्या. वरच्या अंगाला चिखलाचा लेप द्या आणि उघड्या गोण्यांवर माती-पेंढा पसरा, म्हणजे उन्हाने त्या लवकर ठिसूळ होणार नाहीत.

आता सांडवा, ज्यावर बंधाऱ्याचं आयुष्य ठरतं. मधला एक-तृतीयांश भाग दोन्ही बाजूंपेक्षा वीस सेंटिमीटर खाली ठेवा. आठ मीटरच्या भिंतीला अडीच-पावणेतीन मीटरचा सांडवा. जादा पाणी मधूनच पडलं पाहिजे. माथा सगळीकडे सारखा ठेवला तर पाणी काठाशी वाट शोधतं, माती खातं आणि एका रात्रीत बंधाऱ्याला वळसा घालून निघून जातं. भिंत जागच्या जागी उभी, साठा रिकामा. सांडव्याखाली, जिथे पाणी पडतं तिथे, दीड मीटर लांबीत मोठे दगड दाबून बसवा. नाहीतर पडणारं पाणी पायाच उकरतं.

सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की खालच्या वाडीचाही प्रवाह चालू राहतो. साठा भरेपर्यंतचे एक-दोन दिवस मात्र खाली पाणी कमी होणार, हे त्यांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगा.

पहिला पंधरवडा

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोणीतरी बंधाऱ्यावर गेलंच पाहिजे. थोडी पाझर सगळीकडून दिसेल, त्याने घाबरू नका. गाळ बसला की आठवड्यात ती कमी होते. बघायचं ते पाण्याच्या रंगाकडे. खालच्या अंगाने येणारं पाणी स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ असेल तर आतून माती जाते आहे आणि लगेच हात घालायला हवा. वरच्या अंगाला त्या जागेच्या आसपास मूठभर भाताचा कोंडा सोडा. जिथे तो ओढला जातो तिथे भोक आहे. पेंढा कालवलेल्या चिखलाचे गोळे तिथे पायाने दाबा आणि वर एक गोणी टाका. खालच्या बाजूने भोक बुजवायचा प्रयत्न व्यर्थ जातो, पाण्याचा जोर सगळं ढकलून देतो.

अवकाळी पावसाचा इशारा आला तर सांडव्याच्या दोन ओळी आदल्या दिवशी काढून ठेवा. तीस गोण्या पुन्हा रचणं सोपं, वाहून गेलेल्या साडेतीनशे जमवणं नाही.

पंधरवड्यानंतर आठवड्यातून एक फेरी पुरते. वाडीतल्या घरांची पाळी लावा, वही एकाच ठिकाणी ठेवा.

पाणी कोणाचं

वर सांगितलेल्या मापाच्या बंधाऱ्यात एका वेळी साधारण लाखभर लिटर पाणी राहतं, म्हणजे १० हजार लिटरचे दहा टँकर. खरा फायदा याहून मोठा, कारण झरा चालू असेपर्यंत साठा भरत राहतो आणि आजूबाजूला मुरत राहतो. पण हेच लाखभर लिटर ३ एचपीचा पंप एका दिवसात सहज उपसतो. म्हणून पंपाचा नियम ठरावात हवाच. अनेक गावांना जमेल असा नियम: पंप लावायचा तर सांडव्यावरून पाणी वाहत असेल तेव्हाच, सांडवा थांबला की पंप बंद, फक्त माणसं, गुरं आणि घमेल्या-बादलीने घालता येईल तेवढी भाजी. पावटा, कुळीथ, चवळी यांना फारसं पाणी लागत नाही. वायंगणी (उन्हाळी) भात करायचं असेल तर किती गुंठ्यांना पाणी पुरेल हे लावणीच्या आधी ठरवा, पीक उभं राहिल्यावर नाही.

नियम मोडणाऱ्याशी बोलायला तिघांची नावं आधी ठरलेली असू द्या, आणि त्यात एक बाई असावी. पाणी आटलं की हंडा घेऊन लांब जायची पाळी तिच्यावर येते; तिचं बोलणं कोणाला सहज उडवून लावता येत नाही.

उपयोग झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. तीन विहिरी निवडा: एक साठ्याजवळची, एक बंधाऱ्याच्या खालची, एक पऱ्यापासून लांबची. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा, आणि कठड्यावर रंगाने एक खूण करून तिथूनच दर रविवारी सकाळी, उपसा सुरू व्हायच्या आधी पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. लांबची विहीर जशी उतरते त्याहून जवळच्या दोन सावकाश उतरल्या तर बंधारा काम करतो आहे. शाळेतली सातवी-आठवीची मुलं हे काम फार नेटाने करतात. ज्या वर्षी फरक दिसला नाही त्या वर्षी जागा बदला, हट्टाने तिथेच बांधू नका.

सांडवा थांबल्यावर डबकं स्थिर होतं आणि डासांची तक्रार येते. अशा वेळी कडेचं गवत काढून काठ मोकळा ठेवा. पऱ्यात गप्पी मासे सोडू नका, ते बाहेरचे आहेत. डासांच्या अळ्या खाणारे इथले छोटे मासे पाण्यात असतातच, फक्त त्यांना सुरुंग लावून किंवा पावडर टाकून मारू देऊ नका.

मेमध्ये गोण्या काढणं

हे काम झाल्याशिवाय बंधारा पुरा झाला असं मानू नका. उन्हाने पाच-सहा महिन्यांत गोणीची वीण ठिसूळ होते. ती तशीच राहिली तर जूनच्या पहिल्या पुरात फाटते, प्लास्टिकचे दोरे पऱ्यातून खाडीत आणि खाडीतून मच्छीमारांच्या जाळ्यात जातात. शिवाय अर्धवट उभी भिंत पावसाळ्यात काठ फोडून शेजारच्या शेतात दगडगोटे पसरते. पुढच्या वर्षी तो शेतकरी संमती देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

१ मेच्या ग्रामसभेत तारीख ठरवा आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम संपवा. तोवर पात्र बहुधा कोरडं असतं, चाकरमानीही सुट्टीला आलेले असतात. वीस माणसांचं तीन तासांचं काम आहे. गोण्या जागेवर कापून माती काठाबाहेर, बागेत किंवा बांधावर टाका. साठ्यात बसलेला गाळ आंबा-काजूच्या आळ्यांना उत्तम. रिकाम्या गोण्या मोजा. जेवढ्या लावल्या होत्या त्याच्या जवळपास परत आल्या पाहिजेत. कमी असतील तर खालच्या पात्रात शोधा. त्या जाळू नका, गठ्ठे बांधून भंगारवाल्याला द्या. धड राहिलेल्या दहा-वीस सापडतात, पण त्या पुढच्या वर्षी भिंतीत वापरू नका, शेणखत भरायला ठेवा.

काठातल्या खाचा मातीने ठासून भरा, वर दगड बसवा. सांडव्याची पातळी दाखवणारी रंगाची रेघ शेजारच्या कातळावर किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्यावर ओढून ठेवा. पुढच्या नोव्हेंबरात पाण्याच्या नळीने पुन्हा सगळं मोजत बसावं लागत नाही. हत्यारं नावाप्रमाणे परत करा, आणि विहिरींची वही ग्रामपंचायतीत जमा करण्याआधी तिचा फोटो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाका.